उतारावरची विद्या

गेल्या पाडव्याला माझा भाचा पुण्याहून भोकरला आला, तो गाडीच्या डिकीत दोन जड खोकी घालून. एका खोक्यात ब्रेकच्या दोन डिस्क होत्या, आरपार भोके पाडलेल्या आणि वर तिरके चर कोरलेल्या. दुसऱ्यात पॅडचा संच होता. भाचा चाकणला नोकरी करतो. रोज गर्दीतून याच गाडीने कामावर जातो आणि वर्षातून एकदा-दोनदा कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ती पळवायला नेतो. दिवसाचे पैसे भरले की आपली गाडी तिथे चालवता येते म्हणे.

"मामा, हे पॅड शर्यतीचे आहेत म्हणून हौसेनं घेतले. ट्रॅकवर जबरदस्त लागले. पण परत आल्यावर जानेवारीत एका सकाळी घरून निघालो, पहिल्याच सिग्नलला पाय दाबला, तर गाडी थांबेचना. पुढच्या टेम्पोला जाऊन लागली. कुणाला काही झालं नाही, बंपर गेला. तेव्हापासून जुनेच पॅड टाकून चालवतो. तुम्ही सांगा, हे पॅड खराब निघाले का? का नुसती डिस्क बदलली की भागेल?"

मी इंजिनिअर नाही. भोकरच्या बसस्थानकाजवळ वडिलांचे गॅरेज होते आणि त्याला लागून मी तीस वर्षे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान चालवले. दिवसा ब्रेकचे लायनर विकायचे आणि रात्री जुनी गॅझेटिअर, रेल्वेचे इतिहास, कारखान्यांची मॅन्युअल जी हाती लागतील ती वाचायची, एवढीच माझी विद्या. पण भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. पॅड खराब नव्हते. ते त्या सकाळी गार होते.

हे उत्तर त्याला एका वाक्यात पटेना. मग आम्ही फराळाचे ताट मधे ठेवून बसलो आणि मी त्याला ब्रेकचा इतिहास सांगायला घेतला. तोच इथे जरा सविस्तर मांडतो. ब्रेकची निवड हा दुकानातल्या फळीवरचा प्रश्न वाटतो, पण त्यामागे दीडशे-दोनशे वर्षांचे अनुभव आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या घाटांतले आहेत.

*

आमच्या भोकर-किनवट भागात लमाण तांडे पुष्कळ. या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला ब्रेक लागत नाही. तो उतारावर आपले खूर रोवून स्वतःला आवरतो. ब्रेकचा प्रश्न चाकाबरोबर येतो, आणि चाक सपाटीवरून उतारावर आले की तो जिवाचा प्रश्न होतो. भरलेली गाडी उतारावर लागली की बैल तिला ओढत नाहीत. गाडीच बैलांना ढकलू लागते. मग गाडीवान चाकाला लाकडाचा ठोकळा घासवतो, किंवा दोराने चाकच जखडून टाकतो.

मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या बोरघाटात १८३० मध्ये गाड्यांना चालेल असा रस्ता झाला. तोवर बरीचशी मालवाहतूक पाठीवरून होई. रस्त्याने चाके घाटात आणली, आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा हा प्रश्न शेकडो टनांचा झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या जेम्स बर्कली यांनी आखलेला हा मार्ग पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम सुरू होताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला, ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल. गाडी चढवायची कशी, याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. तिला उतरवायचे कसे, याकडे आपले लक्ष कमी गेले.

त्या काळात गाडीच्या सगळ्या डब्यांना एकत्र लागणारा ब्रेक नव्हता. ठरावीक डब्यांत माणूस बसे. इंजिनाची शिटी ऐकली की तो हाताने चाक फिरवी आणि ब्रेकचे ठोकळे गाडीच्या चाकांवर दाबी. एकाचा हात चुकला, एखादा ठोकळा झिजलेला असला, रूळ पावसाने ओले असले, की भार बाकीच्यांवर. खंडाळ्याजवळ डोंगराच्या टोकाला एक रिव्हर्सिंग स्थानक होते. तिथे गाडी थांबे आणि उलट्या दिशेने पुढे निघे, कारण वळायला जागाच नव्हती. १८६९ च्या जानेवारीत घाट उतरणारी एक मेलगाडी तिथे आवरली नाही. टोकाचा अडसर तोडून ती कोसळली आणि माणसे दगावली.

योगायोग असा की, त्याच १८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने रेल्वेसाठी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. तीन वर्षांनी त्याने त्यात जो बदल केला तो मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या रचनेत नळीतून हवा सोडली की ब्रेक लागे. नळी फुटली तर ब्रेक गेला. नव्या रचनेत हवेच्या दाबाने ब्रेक सुटलेला राही; नळी फुटली, डबा तुटला, तर दाब जाऊन ब्रेक आपोआप लागे. यंत्र बिघडलेच तर ते थांबण्याच्या बाजूने बिघडले पाहिजे, हा विचार तिथून आला. आज रस्त्यावरच्या जड ट्रकमध्येही हवा गेली की स्प्रिंग ब्रेक धरून ठेवते, ते याच विचाराने.

घाटातल्या रेल्वेने आणखी एक गोष्ट शिकवली. मुख्य रुळांच्या बाजूला चढत जाणारा एक आंधळा रूळ काढून ठेवला. गाडी ताब्यात आहे असे दिसल्याशिवाय सांधा मुख्य मार्गाकडे वळवायचा नाही. न आवरलेली गाडी आपोआप त्या चढावर जाऊन थकेल. घाट उतरण्याआधी गाडी थांबवून ब्रेक तपासायची शिस्तही तिथलीच. ब्रेक कितीही चांगला असला तरी तो या उताराला पुरेल का, हे उताराच्या आधी विचारायचे. भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे.

*

उरलेले अर्धे उत्तर घर्षणाच्या कातड्यात आहे. ब्रेकच्या ज्या भागाला आपण 'शू' म्हणतो, त्या नावाशी जुळणारी एक कथा इंग्लंडमधली आहे. डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस राहत होता. तिथले गाडीवान उतारावर लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे ठोकतात, हे त्याने पाहिले. नुसते लाकूड घासले की धूर निघतो, पकड जाते. चामडे जास्त धरते. त्याहून टिकाऊ काही करता येईल का, या विचाराने त्याने १८९७ मध्ये धंदा सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावातले पहिले अक्षर घालून त्याने मालाला नाव दिले, फेरोडो. १९०८ पासून त्याच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आले. हे खनिज तंतूंचे असते, विणता येते आणि जळत नाही. ब्रेकला याहून काय हवे? पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या मोटारी ॲस्बेस्टॉसवर थांबल्या.

आपल्याकडे हे नाव मुंबईत घाटकोपरला आले. हिंदुस्थान फेरोडो हा तिथला कारखाना ब्रेकचे लायनर बनवी. पुढे त्याच कंपनीचे नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झाले आणि तिचे कारखाने भंडारा आणि आमच्या मराठवाड्यात पैठणला उभे राहिले. पैठणी आणि नाथांच्या गावात ब्रेकचे लायनर तयार होतात, हे पैठणला जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

मराठवाड्यात मोटारवाहतूक रुजली ती निजामाच्या काळात. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये स्वतःचे रस्ते-वाहतूक खाते काढले. सुरुवात २७ बसगाड्या आणि १६६ माणसांवर. स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या त्या बस. त्यांतली एक हैदराबादेत जपून ठेवली आहे. मुंबई राज्यातली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा आम्ही अजून हैदराबाद संस्थानात होतो. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि यथावकाश आमचे रस्तेही एसटीच्या लाल गाड्यांचे झाले.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते नांदेडला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकले. पाने-पान्हे धुण्यापासून सुरुवात. पहिली दोन वर्षे उस्तादांनी त्यांना ब्रेकला हात लावू दिला नाही. "इंजन बिगडा तो गाडी खडी रहेगी, बिरेक बिगडा तो नहीं रहेगी," असे ते म्हणत. वेस्टिंगहाउसचे नाव न ऐकलेल्या माणसाला त्याचा प्रश्न पुरता कळला होता.

माहूरच्या यात्रेत हा प्रश्न नाकाला जाणवे. रेणुकेच्या गडावरून भरलेल्या गाड्या उतरत तेव्हा वळणावळणावर लायनर जळल्याचा वास येई, फेविकॉल आणि केस एकत्र जाळावे तसा. त्याचा हिशेब सोपा आहे. माणसांनी भरलेली १२ टनांची बस समजा ३०० मीटर उंचीवरून खाली आली, तर तिच्यातून साधारण ३५ हजार किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत शंभराहून जास्त लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग वाऱ्याला आणि चाकांच्या घर्षणात जातो. बाकीचा एक तर इंजिनात जातो, नाही तर ब्रेकच्या ड्रममध्ये. म्हणून जुने चालक सांगत, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. इंजिनाने गाडी आवरली तर ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचवणारा चालक ती सगळी ड्रममध्ये भरतो.

ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जाऊ लागते. लायनरमधला डिंक तापून वायू सोडतो, आणि तो वायू लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गादीसारखा पसरतो. चालक दाबतो, पण धरायला काही नसते. बाहेरून ड्रमवर पाणी ओतले तर बीड तडकते. दादा अशा गाडीला झाडाखाली उभी करत, चाकांना दगड लावत आणि चालकाला चहा पाजत. याला दुसरा उपाय नव्हता.

*

तापून पकड सुटण्याचा हा दोष काढायचा तर ब्रेक उघड्या वाऱ्यात आणायला हवा होता. चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड, ही कल्पना इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच पेटंट केली होती. पण तांब्याचे पॅड किंचाळत आणि रस्त्यावरच्या धुळीत लवकर झिजत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनो याने ड्रमचा ब्रेक पुढे आणला. तो बंदिस्त, धूळ-चिखलापासून सुरक्षित. पन्नास वर्षे ड्रमच जिंकला.

डिस्कला पुन्हा आणले ते शर्यतीने. फ्रान्समधल्या ल मॉं इथे चोवीस तासांची शर्यत होते. तिच्यात तेव्हा सहा किलोमीटरच्या आसपास सरळ रस्ता आणि शेवटी अरुंद वळण होते. प्रत्येक फेरीला तिथे प्रचंड वेग मोडायचा आणि हे चोवीस तास करत राहायचे. १९५३ मध्ये जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. टोनी रॉल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी शर्यत जिंकली आणि ताशी १०० मैलांहून जास्त सरासरी त्या शर्यतीत पहिल्यांदा नोंदली गेली. त्यांचे ब्रेक पहाटेही धरत होते, म्हणून त्यांना वळणाच्या बरेच जवळ जाईपर्यंत वेग ठेवता येई. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या घरगुती मोटारीला पुढे डिस्क आल्या.

आपल्याकडे हे फार उशिरा आले. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती भरत. मुंबईत जुहूच्या विमानतळावरही भरत. तिथे धावणाऱ्या फियाट गाड्यांच्या चारही चाकांना मुळात ड्रम होते. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० आपल्याकडे 'राजदूत' म्हणून आणली, तेव्हा जपानी गाडीला पुढे डिस्क होती आणि आपल्या गाडीला ड्रम दिला गेला. इंजिन तेज, ब्रेक साधा. ती गाडी घेतलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांच्या गुडघ्यांवर त्या काटकसरीच्या खुणा आहेत. पुढे १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाजची पल्सर यांनी पुढची डिस्क गावोगाव नेली. भोकरच्या बाजारात शेतकऱ्यांची पोरे गाडीला डिस्क आहे का विचारू लागली ती तेव्हापासून. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस सक्तीची झाली.

*

भाचा म्हणाला, "म्हणजे शर्यतीतलं ते चांगलं, आणि तेच मग रस्त्यावर येतं. मग माझं काय चुकलं?"

त्याचे चुकले ते इथेच. शर्यतीतून रस्त्यावर डिस्कची कल्पना आली. शर्यतीचा पॅड आला नाही. पॅड हा उष्णतेच्या एका पट्ट्यासाठी घडवलेला मसाला असतो. त्याची ११०० किलोची गाडी गावात ५० च्या वेगावरून थांबली तर साधारण १०६ किलोज्यूल उष्णता होते. ट्रॅकवर तीच गाडी १४० वरून ६० वर आणली तर ६७९ किलोज्यूल, म्हणजे सहा पटींहून अधिक. आणि ब्रेक निवायच्या आत पुढचे वळण समोर. साधा पॅड तिथे तिसऱ्या-चौथ्या फेरीला वास सोडतो. शर्यतीचा पॅड तिथेच जागा होतो. पण त्याच पॅडला घरापासून पहिल्या सिग्नलपर्यंत कोण तापवणार? फॉर्म्युला वनच्या कार्बनच्या ब्रेकचे तर असे आहे की ते काहीशे अंशांवर तापल्याशिवाय धरतच नाहीत. ती गाडी आमच्या बाजारात आणली तर भाजीच्या पहिल्या हातगाडीलाच धडकेल.

मग निवड कशी करायची? पुष्कळ पॅडच्या कडेला आकड्यांच्या ओळीशेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. ती घर्षणाची खूण. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर साधारण शंभर ते दोनशे अंश सेल्सिअसच्या पट्ट्यातले, दुसरे त्याहून तापल्यावरचे. दोन्ही एफ असतील तर तापल्यावरही स्वभाव फारसा बदलत नाही असे समजावे. मात्र पहिले अक्षरही खऱ्या गारठ्यातले नाही, हे विसरू नये. ही परीक्षा पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते, त्यामुळे अक्षरे म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. रस्त्यासाठी घेताना विकणाऱ्याला एकच विचारावे: गार असताना पहिल्या दाबाला हा किती धरतो?

डिस्कचे उत्तर याहून सोपे आहे. आतून पोकळ्या असलेली, वारा खेळणारी साधी गुळगुळीत बिडाची डिस्क बहुतेकांना पुरते. आरपार भोके दिसायला छान. जुन्या पॅडमधून वायू सुटे तेव्हा त्यांचा उपयोगही होता. पण वारंवार तापून निवताना बिडाला भोकाच्या कडेपासूनच तडे जातात, आणि ट्रॅकवर नेमके तेच होते. चर कोरलेली डिस्क पॅडचा वरचा जळका थर खरवडते, म्हणून ती ट्रॅकवर चालते. मात्र पॅड लवकर खाते आणि आवाज करते. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली गेलेली डिस्क घासून वापरायची नाही, टाकून द्यायची. एखाद्या वेळी थांबायला लागणारे अंतर मोठ्या डिस्कने कमी होत नाही. चाके जाम होण्याच्या टोकापर्यंत साधा ब्रेकही नेतो, आणि तिथून पुढे सगळे टायरच्या हाती. मोठी, जड डिस्क उपयोगी पडते ती दहाव्या, विसाव्या वेळी थांबताना, कारण उष्णता साठवायला तिच्यात जागा जास्त.

तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, ती ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषते. नवे डॉट ३ तेल २०५ अंशांना उकळते, डॉट ४ तेल २३० अंशांना. ओल शोषली की तेच आकडे १४० आणि १५५ वर येऊ शकतात. तेल नळीत उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. कोकणच्या पावसाळ्यात दोन वर्षे चाललेली गाडी तेल न बदलता घाटात किंवा ट्रॅकवर नेणे म्हणजे बोरघाटात झिजलेल्या ठोकळ्यांवर गाडी सोडणे. सगळ्यांत स्वस्त सुधारणा हीच आहे.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी मुरवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही, आणि मग गाडी निववायची. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभे राहिले तर तिथेच एक डाग बसतो आणि पेडल थरथरू लागते. लोक त्याला डिस्क वाकडी झाली म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, डागाळलेली असते.

*

एवढे सांगून मी भाच्याला गॅरेजच्या मागच्या भिंतीपाशी नेले. तिथे खिळ्याला दादांच्या काँप्रेसरची नळी अजून टांगलेली आहे. ड्रम उघडला की आतली करडी भुकटी ते या नळीने फुंकून काढत. सगळेच काढत. भुकटी उन्हाच्या तिरिपेत चमके आणि आम्ही पोरे तिच्यात हात फिरवत खेळत असू. ती ॲस्बेस्टॉसच्या लायनरची भुकटी होती.

या तंतूंनी फुफ्फुसे कडक होतात हे इंग्लंडला १९२४ मध्ये एका गिरणी-कामगार बाईच्या मृत्यूच्या शोधातून दिसले. १९३० मध्ये सरकारी अहवाल आला आणि १९३१ मध्ये कारखान्यांसाठी नियम झाले. आमच्या काँप्रेसरची नळी त्यानंतर पन्नास वर्षांनी फुंकत होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांतले जे उशिराचे असेल तोवर जपावी, असा आदेश दिला. कारखान्यातल्या माणसासाठी तो मोठा आधार आहे. पण बसस्थानकामागच्या गॅरेजात काम करणाऱ्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. मग त्याची आरोग्यनोंद कोण जपणार?

दादांना शेवटची सहा वर्षे पायऱ्या चढवत नसत. नांदेडच्या डॉक्टरांनी फुफ्फुसे आकसली आहेत असे सांगितले. कशाने, ते कागदावर कुणी लिहिले नाही. दादा विडीही ओढत, त्यामुळे मीही ते लिहू शकत नाही. पण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या थांबत्या ठेवल्या, आणि त्या थांबण्याची काही किंमत त्या करड्या भुकटीतून कुणाकुणाच्या छातीत गेली, एवढे मी इतिहास म्हणून नोंदवू शकतो. आज चांगल्या कंपन्यांच्या पॅडवर ॲस्बेस्टॉस नसल्याचे छापलेले असते. आपल्याकडे त्यावर अजून सरसकट बंदी नाही, म्हणून बिनछापाचा स्वस्त लायनर मी दुकानात ठेवत नाही. गिऱ्हाईक जाते, जाऊ द्यावे. भुकटी कशाचीही असो, फुंकायची नाही; पाणी मारून ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडके बांधून टाकायचे.

भाच्याने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर चाके उतरवली. नाकाला रुमाल बांधला, फडके ओले केले. आधी तेल बदलले, जुने तेल चहाच्या रंगाचे निघाले. गाडीच्या मूळ साध्या डिस्क जाडीला पुऱ्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. रस्त्यासाठी दोन्ही अक्षरे एफ असलेले नवे पॅड माझ्याच दुकानातून घेतले आणि मुदखेडच्या रस्त्यावर ते मुरवून आणले. शर्यतीचे पॅड त्याने खोक्यात परत बांधले. ते तो कोइमतूरला पोचल्यावर घालणार आणि निघण्याआधी काढणार. अर्ध्या तासाचे काम आहे.

भोके पाडलेल्या डिस्कची जोडी तो माझ्याकडेच ठेवून गेला. ती काउंटरवर आहे. पोरे येऊन हात लावून पाहतात, काका, ही आमच्या गाडीला बसेल का, विचारतात. मी त्यांना आधी बसायला सांगतो आणि विचारतो, गाडी कुठल्या रस्त्याला चालवता?